आधारस्वराविना पियानो: ऐकण्याची आणि वाजवण्याची रीत

पियानोसमोर बसून उजव्या हाताने तीन स्वर एकदम दाबावेत: मधल्या सीपासून सुरू होणाऱ्या सप्तकातला ए, त्याच्या वरच्या सप्तकातला एफ शार्प आणि त्याच सप्तकातला बी. स्पर्श इतका हलका ठेवावा की आवाज जेमतेम उमटेल, आणि पट्ट्या दाबूनच धराव्यात. हा नाद विरत असताना डाव्या हाताने खालचे जी, सी आणि एफ तितक्याच हळुवारपणे त्यात मिसळावेत. आता सहा स्वर एकत्र वाजत आहेत आणि त्यांतल्या कोणत्याही एकाला मुख्य म्हणता येत नाही. हा नाद कर्कश नाही, रूढ अर्थाने गोडही नाही, आणि पुढे कुठे जायचे याचा कसलाही इशारा तो देत नाही. ऑस्ट्रियन संगीतकार अर्नोल्ड शोनबर्ग यांच्या ओपस 19 (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) या सहा छोट्या पियानोरचनांच्या संचातली शेवटची रचना या सहा स्वरांनी सुरू होते. ती अवघ्या नऊ बारांची, म्हणजे स्वरलिपीत उभ्या रेषांनी पाडलेल्या नऊ भागांची आहे, वाजवायला एक ते दीड मिनिट पुरते, आणि ज्याला अटोनल संगीत म्हणतात त्याच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी मला तिच्याइतकी सरळ वाट दुसरी माहीत नाही. या लेखात पुन्हा पुन्हा तिच्याकडेच वळायचे आहे.

अटोनल म्हणजे काय हे समजण्यासाठी आधी टोनल म्हणजे काय ते पाहावे लागते. ज्या संगीतात एक स्वर घरासारखा असतो, बाकीचे स्वर त्याच्यापासून किती दूर किंवा किती जवळ आहेत यावरून आपापला अर्थ मिळवतात आणि शेवटी त्या घरी परतल्यावर ऐकणाऱ्याला विसावा मिळतो, ते टोनल संगीत. आपण ज्याला षड्ज किंवा आधारस्वर म्हणतो तसे काहीसे हे घर असते. युरोपीय संगीतात मात्र या घराभोवती कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या पुंजांची, एक संपूर्ण यंत्रणा उभी राहिली आणि साधारण सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ती अबाधित चालली. सी मेजरमधली, म्हणजे सी हे घर असलेली, रचना जी, बी, डी, एफ या चार स्वरांच्या कॉर्डवर थांबवली तर ऐकणारा अस्वस्थ होतो, कारण त्यातला बी वर सीकडे आणि एफ खाली ईकडे जाणार हे त्याच्या कानाला ठाऊक असते. ही अपेक्षा निर्माण करणे, ती लांबवणे, कधी तिला चकवा देणे आणि अखेर ती पूर्ण करणे यावर टोनल संगीताची बहुतेक नाट्यमयता उभी आहे.

ही यंत्रणा एका दिवसात कोसळली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगीतकार घरापासून इतके लांब जाऊ लागले आणि परतायला इतका उशीर लावू लागले की घर नक्की कुठे आहे हेच अस्पष्ट होत गेले. फ्रांझ लिस्ट यांनी 1885 मध्ये एक छोटी पियानोरचना लिहिली आणि तिचे नावच 'बागातेल सां तोनालिते', म्हणजे स्वरकेंद्राविना लिहिलेली लहानशी रचना, असे ठेवले. रशियात अलेक्झांडर स्क्रियाबिन यांनी सी, एफ शार्प, बी फ्लॅट, ई, ए, डी अशा सहा स्वरांचा एक नादपुंज मध्यवर्ती मानून त्याभोवती रचना बांधल्या. त्यांचे 1911 ते 1913 या काळातले शेवटचे पाच सोनाटा ऐकताना घराची आठवण येते, पण घर दिसत नाही. शोनबर्ग यांनी 1909 मध्ये ओपस 11 च्या तीन पियानोरचना लिहिल्या आणि तिथे ती आठवणही जवळजवळ पुसली गेली.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. 'अटोनल' हा शब्द शोनबर्ग यांना मान्य नव्हता. ज्याला स्वरच नाहीत ते, असा त्याचा अर्थ होतो आणि स्वरांशिवाय संगीत कसे असेल, असा त्यांचा आक्षेप होता. त्याऐवजी सर्व स्वरांना सामावून घेणारे अशा अर्थाचा 'पॅनटोनल' हा शब्द त्यांना अधिक योग्य वाटे. शब्द रूढ झाला म्हणून तो वापरणे भाग आहे, पण त्यांचा मुद्दा ऐकताना लक्षात ठेवावा. या संगीतात बाराही स्वरांना सारखाच मान असतो, आणि म्हणून प्रत्येक स्वराकडे वेगळे लक्ष द्यावे लागते.

विसंवाद म्हणजे नेमके काय

या संगीताबद्दलची पहिली तक्रार बहुधा ते कानाला खुपते अशी असते. तक्रार खोटी नाही, पण खुपणे म्हणजे काय हे थोडे जवळून पाहिले तर तिचा बराचसा धाक कमी होतो. मधल्या सप्तकातल्या ए स्वराची कंपनसंख्या सेकंदाला 440 असते आणि त्याच्या लगेच वरच्या काळ्या पट्टीची सुमारे 466. हे दोन स्वर एकत्र वाजवले की त्यांच्यातला सुमारे 26 कंपनांचा फरक आपल्याला खडबडीतपणाच्या रूपाने ऐकू येतो. नादाच्या पृष्ठभागावर जणू बारीक खरखर उठते. आता तीच काळी पट्टी एका सप्तकाने वर, म्हणजे 932 कंपनांवर वाजवावी. दोन मूळ स्वर एकमेकांपासून दूर गेले. झगडा उरला तो फक्त खालच्या एच्या 880 कंपनांच्या उपस्वराचा (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वराचा) आणि वरच्या स्वराचा, आणि उपस्वर मूळ स्वरापेक्षा सहसा दुबळा असल्याने खरखर जवळजवळ नाहीशी होते. उरतो तो एक ताणलेला, थोडासा धातूसारखा, चमकणारा नाद.

सुरुवातीच्या त्या सहा स्वरांमध्ये हेच घडते. डाव्या हातात एफ आहे, उजव्या हातात एफ शार्प. दोन्ही एकाच सप्तकात शेजारी वाजवले असते तर कान आक्रसला असता. पण शोनबर्ग यांनी त्यांच्यामध्ये एका सप्तकाहून जास्त अंतर ठेवले, मधल्या जागेत ए बसवला आणि आवाज इतका कमी सांगितला की विसंवाद एखाद्या पातळ धुक्यासारखा पसरून राहतो. वाचकांनी हा प्रयोग स्वतः करून पाहावा: आधी दोन्ही स्वर शेजारी-शेजारी, मग लांब, मग मधले स्वर भरून. स्वर तेच असूनही नाद प्रत्येक वेळी बदलतो. शोनबर्ग ज्याला विसंवादाची मुक्तता म्हणत त्याचा अर्थ इथे हाताला लागतो. जुन्या पद्धतीत विसंवादी स्वराला सुसंवादात विलीन होणे बंधनकारक होते, त्याची सुटका होईपर्यंत तो कर्जासारखा डोक्यावर राहत असे. आता ते बंधन उरले नाही. ताणलेला नाद ताणलेलाच राहू शकतो, आणि त्याची गुणवत्ता त्याच्या ठेवणीवरून ठरते.

कान कुठे लावायचा

टोनल संगीत ऐकताना आपण नकळत पुढचा अंदाज बांधत असतो. तीच सवय घेऊन अटोनल रचनेपाशी गेले की अंदाज सतत चुकतो, आणि काही सेकंदांतच कान थकून सगळे एकसारखे वाटू लागते. म्हणून सुरुवातीला लक्ष ठेवण्याच्या जागा बदलाव्या लागतात: स्वर पियानोच्या कोणत्या भागात आहे, वर, मध्ये की अगदी तळाशी, तो टोचून वाजला की मऊ उमटला, किती वेळ टिकला, त्याच्यानंतरची शांतता किती लांब होती, आणि आत्ता ऐकलेले पूर्वी कधी ऐकले होते का. हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण घर नसलेल्या संगीतातही ओळखीच्या खुणा असतात. ओपस 19 मधल्या दुसऱ्या रचनेत जी आणि बी हे दोन स्वर एकत्र, तुटकपणे, पुन्हा पुन्हा वाजत राहतात. त्यांच्याभोवती बाकीचे स्वर येतात, वाकतात, विरतात. ते दोन मात्र जागचे हलत नाहीत. ऐकणाऱ्याने फक्त त्या जोडीला धरून ठेवले तरी पूर्ण रचना हातात राहते.

ओपस 11 मधल्या पहिल्या रचनेत अशी खूण म्हणजे सुरुवातीची चाल आहे: बी, जी शार्प, जी, मग ए, एफ, ई. पहिले तीन स्वर खाली उतरतात. पुढच्या तिघांतही तसेच उतरणे आहे, पण पावले वेगळ्या मापाची आहेत. हे सहा स्वर पाच-सहा वेळा गुणगुणून मग रचना ऐकली की त्यांची वळणे वेगवेगळ्या वेषांत पुढे परत येताना ऐकू येतात, कधी ताणून, कधी चिमटून, कधी एकाच कॉर्डमध्ये दाबून भरलेली.

एकदाच ऐकून मत बनवू नये, हा सल्ला वरवरचा वाटेल, पण शोनबर्ग यांनी त्यासाठी एक संस्थाच उभारली होती. 1918 मध्ये व्हिएन्नात त्यांनी खासगी संगीत-प्रयोगांसाठी एक मंडळ स्थापन केले. तिथे नव्या रचना भरपूर तालमी करून सादर होत आणि त्या पुन्हा पुन्हा वाजवल्या जात. कार्यक्रमात काय आहे हे आधी जाहीर केले जात नसे, टाळ्या वाजवायला मनाई होती आणि वृत्तपत्रांच्या समीक्षकांना प्रवेश नव्हता. ऐकणाऱ्याला पसंती-नापसंती दाखवण्याच्या ओझ्यातून मोकळे करून फक्त ऐकू द्यायचे, हा त्यामागचा विचार आजही घरच्या घरी अमलात आणता येतो. नऊ बारांची रचना एका बैठकीत पाच वेळा ऐकायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

चित्रकार वासिली कांडिन्स्की यांनी 2 जानेवारी 1911 रोजी म्यूनिकमध्ये शोनबर्ग यांच्या संगीताचा कार्यक्रम ऐकला. त्यात ओपस 11 च्या रचना होत्या. त्यानंतर लगेच त्यांनी काढलेल्या 'इम्प्रेशन 3' या चित्रात पियानोचा मोठा काळा आकार आहे आणि त्याला भिडणारा पिवळ्या रंगाचा प्रचंड विस्तार. स्वरकेंद्र सोडलेले संगीत आणि वस्तूंचे हुबेहूब रूप सोडू पाहणारे चित्र यांची ती गाठ होती. चित्रात ओळखीची वस्तू शोधण्याची सवय सुटली की रंग दिसू लागतात. या संगीतातही घर शोधणे थांबले की नाद ऐकू येऊ लागतो.

बारा स्वरांची ओळ आणि तिच्यापुढचे

घर नसलेल्या संगीतात छोटी रचना उभी राहते, पण लांब रचना कशाच्या आधारावर सांभाळायची, हा प्रश्न शोनबर्ग यांना काही वर्षे छळत होता. त्याचे त्यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलेले उत्तर म्हणजे बारा स्वरांची पद्धत. बाराही स्वर एकेकदाच घेऊन त्यांची एक ओळ ठरवायची. ती सरळ, उलट्या क्रमाने, चढ-उतारांची अदलाबदल करून आणि त्या बदललेल्या रूपाचाही क्रम उलटवून, अशा चार रूपांत वापरायची. आणि प्रत्येक रूप बारापैकी कोणत्याही स्वरापासून सुरू करता येत असल्याने एकूण 48 शक्यता हाती येतात. 1921 ते 1923 या काळात लिहिलेल्या ओपस 25 या पियानो-सुइटमध्ये पूर्ण रचना एकाच ओळीतून निघते: ई, एफ, जी, डी फ्लॅट, जी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी, बी, सी, ए, बी फ्लॅट. शेवटचे चार स्वर उलटे वाचले तर बी फ्लॅट, ए, सी, बी असे मिळतात. जर्मन स्वरनामांनुसार, ज्यांत बी फ्लॅटला बी आणि बीला एच म्हणतात, ती संगीतकार बाख (B-A-C-H) यांच्या नावाची अक्षरे होतात. जुन्या नृत्यप्रकारांच्या साच्यात लिहिलेल्या सुइटमध्ये बाख यांची सही अशी लपलेली असावी, हे मला फार हृद्य वाटते.

तरीही ऐकणाऱ्याने ही ओळ कानाने मोजत बसू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. ओळ ही लिहिणाऱ्याची सोय आहे. घराच्या भिंतींमधल्या लोखंडी सळ्यांप्रमाणे ती भार वाहते, पण राहणाऱ्याला खोल्या आणि उजेड दिसणे महत्त्वाचे असते. त्या सुइटमध्ये ऐकायच्या त्या तिच्या नृत्याच्या लयी, तुटक फटकारे आणि दोन हातांमधली चढाओढ.

शोनबर्ग यांचे शिष्य आंटोन वेबर्न यांनी 1936 मध्ये पूर्ण केलेल्या ओपस 27 या व्हेरिएशन्सचा दुसरा भाग याचे आणखी नितळ उदाहरण आहे. मधल्या सीच्या वरच्या ए स्वराभोवती जणू एक आरसा उभा केलेला असतो: एका हाताने एपासून जितके वर जावे तितकेच दुसऱ्या हाताने खाली जावे, स्वर जोड्यांनी यावेत आणि मधूनमधून दोन्ही हातांनी तोच ए वाजवून आरशाची जागा दाखवावी. भाग मिनिटभराच्या आतच संपतो. कागदावर तो भूमितीसारखा दिसतो, कानाला मात्र तो झटापटीसारखा, जवळजवळ श्वास रोखायला लावणारा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा धागा दोन टोकांना ताणला गेला. ऑलिव्हिए मेसियाँ यांनी 1949 मध्ये एका पियानोरचनेत 36 स्वर, 24 कालमाने, 12 प्रकारचे आघात आणि आवाजाच्या 7 पातळ्या ठरवून ठेवल्या. प्रत्येक स्वराला त्याची स्वतःची लांबी, आघात आणि पातळी कायमची जोडलेली. पिएर बुलेझ यांनी त्यातून पुढे दोन पियानोंसाठी अत्यंत काटेकोर रचना लिहिल्या, ज्यांच्याबद्दल मला आदर असला तरी वेबर्नइतकी ओढ कधी वाटली नाही. दुसऱ्या टोकाला जॉन केज होते. त्यांनी 1940 मध्ये एका नृत्यासाठी संगीत करताना, तालवाद्यांचा ताफा मावणार नाही अशा लहान जागेत, पियानोच्या तारांमध्ये वस्तू अडकवून एकाच वाद्यातून तालवाद्यांचा समूह निर्माण केला. 1946 ते 1948 दरम्यान लिहिलेल्या त्यांच्या 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स'मध्ये 45 स्वरांच्या तारांवर स्क्रू, बोल्ट, रबर, प्लास्टिक अशा वस्तू बसवाव्या लागतात, आणि पट्टी दाबल्यावर कधी घंटी, कधी लाकडी ठोका, कधी दबलेला ढोल ऐकू येतो. कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन यांच्या 1956 च्या अकराव्या पियानोरचनेत एका मोठ्या कागदावर 19 तुकडे विखुरलेले असतात. वादकाची नजर ज्यावर पडेल तो तुकडा वाजवायचा, आणि एखाद्या तुकड्यापाशी तिसऱ्यांदा पोहोचल्यावर ती आवृत्ती संपते. मॉर्टन फेल्डमन यांनी या सगळ्या गदारोळापासून दूर, अतिशय हळू आणि अतिशय लांब रचना लिहिल्या, ज्यांत एका कॉर्डचा शेवट पूर्ण ऐकल्याशिवाय दुसरी येत नाही. ज्यांना शोनबर्ग यांचा ताण सोसवत नाही त्यांनी फेल्डमन यांच्यापासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

हात काय शिकतात

वाजवणाऱ्याची अडचण ऐकणाऱ्यापेक्षा वेगळी असते. वर्षानुवर्षे सरगम आणि कॉर्डचे सराव करून बोटांमध्ये काही साचे घट्ट बसलेले असतात. सी मेजरचा कॉर्ड दिसला की हात आपोआप त्या आकारात येतो. अटोनल रचनेत हे तयार साचे जवळजवळ निकामी ठरतात. प्रत्येक कॉर्ड हा पंजाचा नवा आकार असतो आणि तो मुद्दाम शिकावा लागतो. मी असा आकार आधी आवाज न करता शिकते: पट्ट्यांवर बोटे ठेवायची, कोणते बोट काळ्या पट्टीवर आहे आणि कोणत्या दोन बोटांमध्ये ताण आहे हे डोळे मिटून जाणवून घ्यायचे, हात मांडीवर आणायचा आणि पुन्हा थेट त्या आकारात ठेवायचा. बोटांची योजना पहिल्याच दिवशी पेन्सिलीने लिहून टाकावी आणि नंतर ती बदलू नये, कारण इथे बोट चुकले तर कानातली ओळखीची चाल मदतीला येत नाही.

यातून दुसरा प्रश्न निघतो, जो अनेक जण थोड्या संकोचाने विचारतात: चुकीचा स्वर वाजला तर कोणाला कळते? वाजवणाऱ्याला तरी नक्की कळते, पुरेसा सराव झाला असेल तर. नऊ बारांच्या त्या रचनेतल्या उजव्या हाताच्या कॉर्डमध्ये एफ शार्पऐवजी साधा एफ वाजवून पाहावा. खालच्या एफशी त्याचे सप्तक जुळते, सगळा नाद एकदम पोकळ आणि ओळखीचा होतो, आणि ते पातळ धुके विरून जाते. एका पट्टीच्या बदलाने एवढा फरक पडतो, कारण इथे चूक लपवायला फारसे स्वरच नाहीत. मीही सुरुवातीला काही बारांमध्ये अंदाजे स्वर वाजवून पुढे जात असे. एकदा स्वतःचे वादन ध्वनिमुद्रित करून स्वरलिपी समोर ठेवून ऐकले तेव्हा त्या जागा ठिगळांसारख्या उठून दिसल्या. तेव्हापासून अटोनल रचना मी टोनल रचनेच्या निम्म्या वेगाने शिकते, आणि दिवसाला दोन बारांपेक्षा जास्त पुढे जात नाही.

स्वरांतरे गाऊन पाहणे हा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा सराव आहे. ओपस 11 ची ती सहा स्वरांची चाल पियानोशिवाय गाता आली पाहिजे. आवाज चांगला असण्याची गरज नाही. जी शार्पवरून जीवर उतरताना गळ्याला जे छोटेसे अंतर जाणवते, ते जाणवल्यावर बोटेही तो स्वर वेगळ्या वजनाने वाजवू लागतात.

मग आवाजाच्या पातळ्या. ओपस 19 ची शेवटची रचना 'पी' (हळू) या खुणेपलीकडे कधी जात नाही; जितके 'पी' जास्त तितका आवाज हळू. तिची सगळी हालचाल 'पी'पासून 'पीपीपीपी'पर्यंतच्या अरुंद जिन्यावर होते. पियानोची पट्टी अतिशय सावकाश दाबली तर तळाशी पोहोचण्याच्या थोडे आधी एक सूक्ष्म अडथळा लागतो. तिथे यंत्रणा हातोडीला सोडून देते आणि हातोडी उरलेले अंतर स्वतःच्या गतीने कापून तारेवर आदळते. दाब फारच मंद असेल तर हातोडी तारेपर्यंत पोहोचतच नाही आणि स्वर गळतो. तीन स्वर एकत्र, एकाच क्षणी, या सीमेच्या किंचित वर वाजवणे हे ताकदीच्या कामापेक्षा कितीतरी अवघड आहे. बोटे पट्टीला आधीच टेकलेली असावीत, मनगट सैल असावे आणि वजन दंडातून यावे. त्या तिघांत सर्वांत वरच्या बीला केसभर जास्त वजन द्यावे, म्हणजे कॉर्डला वरची कड मिळते. हाच कॉर्ड चार वेगवेगळ्या पातळ्यांवर, पाठोपाठ, दहा मिनिटे वाजवत बसणे हा माझ्या मते उत्तम सराव आहे, आणि त्याचा फायदा इतर सगळ्या संगीतालाही होतो.

पेडलचा, म्हणजे पायाने दाबून स्वर लांबवणाऱ्या पट्टीचा, विचारही नव्याने करावा लागतो. टोनल रचनेत कॉर्ड बदलला की पेडल बदलायचे, ही सवय इथे चालत नाही. शोनबर्ग यांनी कॉर्ड बारच्या रेषा ओलांडून धरायला सांगितले असतील तर ते शक्य तितके बोटांनीच धरावेत. पेडलने सगळेच स्वर सरसकट धरले जातात आणि शांततेच्या नेमक्या जागा पुसल्या जातात. ओपस 11 च्या पहिल्या रचनेत तर एक विलक्षण सूचना आहे: उजव्या हाताने काही पट्ट्या आवाज न करता दाबून धरायच्या आणि डाव्या हाताने खाली वाजवायचे, म्हणजे मोकळ्या झालेल्या तारा आपोआप निनादतात. हे घडताना पाहायचे असेल तर मधला सी आवाज न करता दाबून धरावा आणि त्याच्या एक सप्तक खालचा सी जोरात, तुटक वाजवून लगेच सोडावा. खालची तार थांबते, पण कोणी न वाजवलेला मधला सी हवेत राहतो, कारण खालच्या स्वराचा पहिला उपस्वर नेमका त्याच कंपनसंख्येचा असतो. साध्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर हे होणार नाही. त्यासाठी तारांचा पियानो लागतो.

लय आणि मोजणी यांबाबत सूट घेऊ नये. स्वरकेंद्र नसल्यामुळे लयही मोकळी असेल, असा समज करून घेऊन वादक शांततेच्या जागा उरकतात. तीन मात्रांची शांतता लिहिली असेल तर ती तीन मात्रांचीच असावी, आणि सर्वांत लहान मात्रा मनात चालू ठेवून ती मोजावी.

वेबर्नच्या आरशाच्या भागात हात एकमेकांवरून उड्या मारतात. स्वरांची वाटणी बदलून ते सोपे करता येते, आणि तो मोह प्रत्येकाला होतो. तो टाळावा, कारण हात ओलांडण्याची ती धडपड, वेळेत पोहोचू की नाही ही धाकधूक, हाच त्या संगीताचा आवेश आहे. सोपे केलेले बोट तेच स्वर वाजवते, पण त्यातली झटापट निघून जाते.

ज्यांचे वाचन अजून कच्चे आहे त्यांच्यासाठी आणि मुलांसाठी हंगेरियन संगीतकार ग्यॉर्ग कुर्ताग यांनी 1973 पासून लिहायला घेतलेला 'याटेकोक', म्हणजे खेळ, हा संग्रह आहे. त्यात तळहाताने, मुठीने, कोपराने पट्ट्या दाबण्याचे छोटे खेळ आहेत, आणि एकही स्वर वाचता न येणारे मूलही पूर्ण कीबोर्ड आपला मानून वाजवू लागते. तळहाताने वाजवलेला असा स्वरगठ्ठा अमेरिकन संगीतकार हेन्री कॉवेल यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच पियानोत रुजवला होता. तो आदळून वाजवायचा नसतो. सगळ्या पट्ट्या एकाच क्षणी, सारख्या दाबाने खाली गेल्या तर एक भरीव, जवळजवळ रंगासारखा नाद येतो. तळहात तिरका पडला तर नुसता धडाका होतो. कॉवेल यांच्या 1925 च्या 'द बॅन्शी'मध्ये वादक पियानोच्या आत हात घालून थेट तारांवर बोटे ओढतो आणि दुसरी व्यक्ती पेडल धरून बसते. असे काही करण्यापूर्वी वाद्याच्या मालकाची परवानगी घ्यावी, हात धुऊन कोरडे करावेत, कारण घामाने तारा गंजतात, आणि आवाज थांबवणाऱ्या फेल्टच्या गाद्यांना अजिबात हात लावू नये. तारांमध्ये वस्तू अडकवण्याचे प्रयोग तर जाणकाराच्या देखरेखीखालीच करावेत.

आता पुन्हा त्या नऊ बारांकडे. ओपस 19 च्या पहिल्या पाच रचना शोनबर्ग यांनी 19 फेब्रुवारी 1911 या एकाच दिवशी लिहिल्या. सहावी त्यांनी 17 जून 1911 रोजी लिहिली. त्याच्या जवळपास महिनाभर आधी, 18 मे रोजी, संगीतकार गुस्ताव मालर यांचे निधन झाले होते आणि ही रचना त्या निधनाशी जोडली जाते. अनेकांना त्या दोन कॉर्डमध्ये दूरवरच्या घंटा ऐकू येतात. मधल्या बारांत एक-दोन लहान स्वरवाक्ये येऊन जातात, मग सुरुवातीचे ते दोन कॉर्ड पुन्हा परततात, आणि अगदी शेवटी डाव्या हातात, कीबोर्डच्या तळाजवळ, बी फ्लॅटवरून ए फ्लॅटवर उतरणारे दोन स्वर आहेत. त्यांवर लिहिले आहे: श्वासासारखे. आधीचे कॉर्ड दाबून धरलेले असतानाच हे दोन स्वर उमटावे लागतात, म्हणून हात तिथे बराच आधी नेऊन ठेवावा. बी फ्लॅट वाजवल्यावर पट्टी पूर्ण वर येऊ न देता ए फ्लॅटवर वजन सरकवावे, आणि दुसरा स्वर पहिल्याहून किंचित हलका असावा. त्यानंतर लगेच हात उचलू नयेत. प्रत्येक रचनेनंतर भरपूर थांबावे, रचना एकमेकींत मिसळू देऊ नयेत, अशी सूचना शोनबर्ग यांनी या संचासाठी लिहून ठेवली आहे, आणि शेवटच्या रचनेनंतर दुसरी कोणतीही रचना येत नसली तरी ती सूचना तिलाही लागू आहे.